पुढच्या फळीचं जेवण

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडूला पाय क्वचितच लागतो, हे पाहिल्यावर त्या खेळाबद्दल माझं मत जे वाईट झालं ते बराच काळ तसंच राहिलं. ऐंशीच्या दशकात मी संख्याशास्त्रात मास्टर्स करायला मिशिगनमध्ये गेले. विद्यापीठात पार्ट-टाइम कामासाठी नाव दिलं, तर वाट्याला आलं काय, तर फुटबॉलच्या पोरांना गणित शिकवणं. जिमच्या तळघरात एक लांबट खोली होती, तिला स्टडी हॉल म्हणायचे. तिथे ओल्या टॉवेलांचा वास भरून राहिलेला असायचा आणि माझ्यासमोर अशी धिप्पाड पोरं बसायची की खुर्च्यांची दया यावी. त्यांना वाटायचं, ही साडेचार-पाच फुटांची बाई आपल्याला काय शिकवणार. पहिल्या आठवड्यातच मी एकाला फळ्यापाशी उभं करून अपूर्णांक सोडवायला लावले, तेव्हापासून सगळे वेळेवर यायला लागले.

शेजारीच लाइनच्या कोचचं ऑफिस होतं. लाइन म्हणजे काय, हे त्यानंच मला टेबलावर कागदी कप मांडून समजावलं. चेंडू फेकणारा एक, घेऊन पळणारे काही, आणि त्यांच्यापुढे पाच जणांची फळी. समोरून अंगावर येणाऱ्यांना अडवायचं, ढकलायचं आणि मागच्याला चेंडू फेकायला सवड मिळवून द्यायची, एवढंच त्या पाच जणांचं काम. खेळ सुरू करताना मधला एक जण चेंडू मागे देतो तेवढाच, एरवी चेंडूला त्यांनी हात लावायचा नाही. पेपरात त्यांचा फोटो येत नाही, टीव्हीवर त्यांचं नाव कुणी घेत नाही. चुकले तरच ते लोकांना दिसतात. म्हणजे भरल्या घरातल्या सुनेसारखं, असं मी मनात म्हटलं.

अशी दांडगी पोरं शोधून आणणं हे कोचचं मुख्य काम होतं आणि त्यातच तो दरवर्षी मार खायचा. आमच्या राज्यात दोन मोठी, नावाजलेली विद्यापीठं होती. धडधाकट पोरगं दिसलं की ते त्यांच्याकडे जायचं. आमच्याकडे यायचं ते त्यांनी नको म्हटलेलं. तरीही हा माणूस हिवाळाभर बर्फातून गाडी हाकत गावोगावच्या हायस्कुलांत जायचा, पोरांच्या बैठकीच्या खोल्यांत कोट मांडीवर घेऊन बसायचा, त्यांच्या आयांनी केलेला केक वाखाणायचा आणि आमच्या विद्यापीठाचे गुण सांगायचा. मुलीला उजवण्यासाठी वणवण फिरणारे बाप मी आमच्याकडे पाहिले होते. त्यांच्या चेहऱ्यावर जो अजिजीचा भाव असतो तो मला या सहा फुटी गोऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसायचा आणि वाईट वाटायचं.

फेब्रुवारीत सह्यांचा दिवस असे. कुठल्या कॉलेजात जाणार, ते हायस्कूलच्या मुलांनी त्या दिवशी सही करून कळवायचं. त्या वर्षी तीन पोरांनी कोचला 'येतो' म्हणून शब्द दिला होता. सकाळी एकानं फिरवला, जेवणाच्या सुमाराला दुसऱ्यानं. तिसऱ्याच्या आईचा फोन आला, तिनं फार गोड शब्दांत माफी मागितली. कोच माझ्या खोलीत येऊन एका खुर्चीत बसला आणि म्हणाला, "संपलं. यंदाही कुणी नाही."

माझं बीजगणित अर्ध्यावर होतं. मला उगीचच राग आला. मी म्हटलं, "बाहेरची मोठी मिळत नाहीत ना, मग घरातली आहेत त्यांनाच मोठं करा की."

तो हसेल असं मला वाटलं होतं. पण तो हसला नाही. मागच्या टेबलाशी एक मुलगा एकटाच गणितं करत बसला होता, त्याच्याकडे तो बघत राहिला.

हा मुलगा ओहायोतल्या एका पोलादाच्या गावचा. तिथली स्टील मिल बंद पडली होती, वडील घरी बसले होते, आई एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. त्याला शिष्यवृत्ती नव्हती. आपण होऊन संघात आला होता, सराव करायचा आणि सामन्याच्या दिवशी बाकावर बसायचा. उंची दाराच्या चौकटीला टेकेल अशी, पण अंगावर मांस नाही. खांदे रुंद, त्यावर शर्ट हँगरला लटकवल्यासारखा लटकायचा. गणितात मात्र बरा होता, आणि न समजलेलं न समजलं म्हणून सांगायचा, म्हणून माझा लाडका होता. पहिल्या वर्षाची फी घरच्यांनी कशीबशी भरली होती. दुसऱ्या वर्षी ती भरणं शक्य नव्हतं, हे त्यानंच मला एकदा वही मिटता मिटता सांगितलं होतं.

कोचनं त्याला त्याच दिवशी बोलावलं. ऑगस्टमध्ये हंगामाचा सराव सुरू होईल तेव्हा वजन वाढवून ये, मी तुला पुढच्या फळीत उभं करतो. घरच्या मैदानावरच्या पहिल्या सामन्यात टिकलास तर रिकामी राहिलेली शिष्यवृत्ती तुझी. नाही टिकलास तर माझ्या हातात काही नाही. म्हणजे नाही टिकला तर शिक्षण थांबवून ओहायोला परत जायचं, आणि तिथे जाऊन करायचं काय, तर बंद मिलच्या फाटकाकडे बघत बसायचं.

पोरगं बिचारं जिवाच्या करारावर खायला लागलं. पण मेसमध्ये खाल्लेलं धावण्यात जिरून जायचं. त्यातून रविवारी संध्याकाळी मेस बंद. त्या दिवशी तो ब्रेडला पीनट बटर लावून खायचा आणि लवकर झोपायचा.

मी तेव्हा मावशीकडे राहायचे. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. काका मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होते, रोज ट्रॉय नावाच्या गावाला जाऊन-येऊन करायचे. घर विद्यापीठापासून चालत जाण्याइतकं जवळ. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं आणि त्याबद्दल ती दोघं कधी बोलायची नाहीत. पण रविवारी संध्याकाळी घर भरायचं. पुण्या-नागपूरहून शिकायला आलेली पोरं यायची, त्यांच्याबरोबर त्यांचे रूममेट यायचे, माझ्या वर्गातली एक कोरियन मुलगी तर लोणच्यासाठी यायची. बोलावणं असं कुणालाच नसायचं.

एका रविवारी मी स्टडी हॉलमध्ये विसरलेला कॅल्क्युलेटर परत द्यायला हा मुलगा दारात आला. मी वर केस धूत होते. डोक्याला टॉवेल गुंडाळून खाली आले तर तो टेबलाशी बसलेला, समोर वरणभात, बटाट्याची भाजी, आणि मावशी हातात तुपाची वाटी घेऊन त्याच्या डोक्याशी उभी.

मग जे झालं ते दोन घरांच्या शिस्तींमुळे झालं. त्याच्या आईची शिकवण अशी, की परक्या घरी ताटात पडलेलं सगळं संपवायचं, टाकलं तर घरच्या बाईला वाईट वाटतं. मावशीची समजूत अशी, की ताट रिकामं दिसलं म्हणजे माणूस अजून भुकेला आहे. तो संपवायचा, ती वाढायची. ती वाढायची म्हणून तो पुन्हा संपवायचा. मध्ये मध्ये तो "नो, थँक यू मॅम" म्हणत होता, पण आमच्याकडे पहिला नकार कोण मनावर घेतं? दुसरा आणि तिसराही कुणी घेत नाही. मी मध्ये पडायला हवं होतं, पण मला बघायला इतकी मजा वाटत होती की मी गप्प राहिले. शेवटी भात संपला म्हणून ते थांबलं.

तो गेल्यावर मावशी म्हणाली, "किती उपाशी होतं गं पोरगं. आई आहे की नाही याला?"

"आहे, ओहायोला."

"मग तिला काय दिसणार तिथून," मावशी म्हणाली, आणि पुढच्या रविवारी तिनं मोठं पातेलं काढलं.

तो आपण होऊन आला, आणि मग येतच राहिला. मावशी बिनमिठाचं बटर आणून घरी तूप कढवायची, सावर क्रीमचं श्रीखंड करायची, दाण्याचा कूट सढळ हातानं घालून साबुदाण्याची खिचडी करायची. मांस-मच्छी आमच्याकडे नव्हतीच. पण या सगळ्यावर त्याचं अंग जे भरायला लागलं, ते महिन्याभरात शर्टाला कळलं. मजा म्हणजे मावशीला त्याचा खेळ बिलकूल आवडायचा नाही. काकांच्या टीव्हीवर तिनं एकदा सामना पाहिला होता आणि अर्ध्यातून उठून गेली होती. वाढता वाढता ती त्याला बजावायची, "ते धडका मारणं सोड बाबा. डोक्याला लागलं म्हणजे? गणित चांगलं आहे म्हणते ही तुझं. इंजिनियर हो." खेळ सोड, खेळ सोड म्हणता म्हणता आपण त्याला खेळण्याजोगा दांडगा करतोय, हे तिच्या गावीही नव्हतं.

एप्रिलमध्ये कोचनं त्याला काट्यावर उभं केलं आणि आनंदानं त्याच्या पाठीत असा गुद्दा मारला की तो आवाज मला स्टडी हॉलमध्ये ऐकू आला. मग कोच माझ्याकडे आला. "हा म्हणतो, रविवारी 'माउशी'कडे जेवतो. ही माउशी कोण?"

"माझी मावशी," मी अभिमानानं सांगितलं. श्रीखंडाचंही वर्णन केलं.

कोचनं उठून दार लावून घेतलं. त्याचा चेहरा पार उतरला होता. त्यानं सांगितलं ते असं. कॉलेजच्या खेळाडूला विद्यापीठाच्या माणसाकडून किंवा संघाच्या चाहत्याकडून फुकट काही घेता येत नाही. जेवण नाही, कोट नाही, गाडीतून लिफ्टसुद्धा नाही. इतर विद्यार्थ्यांना जे मिळत नाही ते खेळाडूला मिळालं, की तो आमिषाचा प्रकार धरतात. आणि मी खेळ विभागाकडून पगार घेत होते.

"वरणभाताचं आमिष?" मी ताडकन म्हणाले. "आमच्याकडे दारात आलेल्याला उपाशी पाठवणं हा गुन्हा आहे, आणि तुमच्याकडे जेवायला घालणं?"

"माझ्यावर ओरडून काय होणार," तो म्हणाला. "लपवलं आणि उद्या बाहेर आलं तर पोरगा कायमचा जाईल. आपण होऊन सांगितलं तर कदाचित वाचेल." आणि माझ्यासमोरच त्यानं फोन उचलून नियमांचं बघणाऱ्या अधिकाऱ्याला सगळं सांगितलं. सगळा हिवाळा रिकाम्या हातानं हिंडलेला माणूस, हातात आलेला एकच मुलगा आपण होऊन पणाला लावत होता. त्या दिवसापासून मी त्याला मनातून मानायला लागले.

अधिकारी सडपातळ, टाय नीट बसवलेला, हळू बोलणारा होता. त्यानं मला बोलावून सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, ते जेवण खरोखरच कुठल्याही विद्यार्थ्याला मिळत असेल तर प्रश्न नाही. पण खेळाडू म्हणून त्याला मिळत असेल तर तो या संघातून खेळू शकणार नाही, शिष्यवृत्तीचा विषयच संपला. मी स्वतः बघेन. तोवर त्यानं त्या घरी जायचं नाही, सरावालाही यायचं नाही. आणि घरी कुणाला काही पढवायचं नाही.

म्हणून मी मावशीला काहीच सांगू शकत नव्हते. पहिल्या रविवारी तो आला नाही तेव्हा तिनं त्याच्यासाठी वाटीभर श्रीखंड झाकून ठेवलं. दुसऱ्या रविवारी मला विचारलं, "माझं काही चुकलं का गं? खेळ सोड म्हणत होते म्हणून रागावला असेल." अभ्यास असेल, असं काहीतरी पुटपुटून मी वर निघून गेले.

तिसऱ्या रविवारी मावशीचा पारा सकाळपासून चढलेला होता. सिंक तुंबलं होतं, काका उपयोगाचे नव्हते, आणि त्यातून हा मुलगा पुन्हा येणार नाही हे तिला दिसत होतं. "आज मुगाची खिचडी टाकली आहे, खायची असेल त्यानं खावी, कोडकौतुक काही नाही," असं तिनं आल्याआल्या सगळ्या पोरांना सुनावलं. तेवढ्यात बेल वाजली. दार तिनंच उघडलं. बाहेर तो अधिकारी उभा.

"मी युनिव्हर्सिटीतून आलो," तो म्हणाला. "इथे रविवारी जेवण असतं असं ऐकलं."

आज नेमका मावशीचा हा अवतार! नाही म्हणाली तर संपलंच. तिला खूण करावी तर तो माझ्याकडेच बघत होता, आणि मराठीत एक अक्षर बोलले असते तरी ते पढवल्यासारखं दिसलं असतं. आयुष्यात मी तोंड बंद ठेवून बसले असेन तर त्या संध्याकाळी.

मावशीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "शूज बाहेर काढा," ती इंग्रजीत म्हणाली. "हात तिकडे धुवा. सिंक नको, सिंक ब्लॉक आहे. बाथरूममध्ये." तो हात धुऊन आला तसं तिनं त्याच्यापुढे लसणाचा गड्डा आणि वाटी ठेवली. फोडणीला लसूण कमी पडत होता. टाय शर्टाच्या आत खोचून तो मुकाट्यानं लसूण सोलायला लागला. त्याचं नाव तिनं विचारलं नाही.

काका टीव्हीसमोर बसले होते. त्यांच्या टकलाला थंडी वाजायची म्हणून ते घरात टोपी घालायचे, आणि ती टोपी होती शेजारच्या मोठ्या, नावाजलेल्या विद्यापीठाच्या संघाची. अधिकाऱ्यानं ती पाहिली. आमच्या संघाचे सामने बघता का, असं त्यानं विचारलं.

"तुमचा संघ?" काका हसून म्हणाले. "त्यात बघण्यासारखं काय आहे? त्यांच्याकडे लाइनच नाही." मी डोळे मिटून घेतले.

खिचडी वाढली गेली. अधिकाऱ्यानं ताट संपवलं, मावशीनं भरलं. त्यानं पुन्हा संपवलं, तिनं पुन्हा भरलं. तोही बहुधा त्या मुलाच्या आईसारख्याच कुणाच्या तरी हाताखाली वाढला असावा. मग रुमालानं तोंड पुसत त्यानं विचारलं, "इथे एक उंच मुलगा यायचा म्हणे."

मावशीच्या हातातला डाव खाली गेला. "तो आजारी आहे का?"

"नाही. बरा आहे."

"मग येत का नाही?"

त्यानं उलट विचारलं, "तो फुटबॉल खेळतो, माहीत आहे ना तुम्हाला?"

"खेळतो कसला!" मावशीचा सकाळपासूनचा सगळा राग आता बाहेर पडला. "धडका मारतो! मी त्याला एव्हरी संडे सांगते, सोड तो गेम, तुझं डोकं चांगलं आहे, ते फोडून घेऊ नकोस. ऐकतच नाही. तुम्ही युनिव्हर्सिटीचे ना? मग तुम्ही सांगा त्याला."

अधिकारी तिच्याकडे बघतच राहिला. त्याच्या सगळ्या नोकरीत संघाचे चाहते त्यानं ढिगानं पाहिले असतील, पण खेळाडूला खेळ सोडवण्यासाठी मदत मागणारी बाई पहिलीच. "मग त्याला जेवायला का घालता?" त्यानं विचारलं.

मावशीला प्रश्नच कळला नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं.

"का म्हणजे?" ती म्हणाली. "रविवारी मेस बंद असते."

कोरियन मुलगी लोणचं संपवत होती. मग अधिकाऱ्यानं मान खाली घालून ताटातली शेवटची शितंसुद्धा निपटून खाल्ली, आणि त्यामुळे त्याला अर्थातच आणखी खिचडी मिळाली.

शूज घालताना तो माझ्याशी बोलला. मुलानं यायला हरकत नाही, सरावालाही उद्यापासून जावं. मात्र तुम्ही त्याला घेऊन यायचं नाही, त्यानं आपल्या पायांनी यावं. आणि विद्यापीठाच्या बोर्डावर एक कागद लावा, की रविवारचं हे जेवण कुठल्याही विद्यार्थ्याला खुलं आहे. मग मागे स्वयंपाकघराकडे बघून हळूच म्हणाला, "आणि ते थांबवायचं कसं?"

"ताटावर हात आडवा धरायचा," मी सांगितलं. मला हसू आणि रडू एकदमच येत होतं.

मावशीला नंतर सगळं सांगितलं तेव्हा ती भयंकर भडकली. "बोर्डावर कागद? माझं घर आहे की खानावळ? जेवायला या म्हणून पाटी लावायची?" मलाही ते अपमानास्पदच वाटत होतं. पण त्या मुलाच्या शिक्षणाचं त्यावर अडलंय हे कळल्यावर तिनंच मला पेन आणून दिलं. कागद लागला, आणि दोनच आठवड्यांत पुढची सगळी फळी आपापल्या पायांनी आमच्या दारात उभी राहिली. त्यांचे शूज व्हरांड्यात मावेनात. त्यांना ताटावर हात आडवा धरायला मी मुद्दामच शिकवलं नाही.

कोच स्वतः कधी आला नाही, नियमात बसत नव्हतं म्हणून. पण पुढच्या हिवाळ्यात तो जेव्हा घरोघरी बसून आमच्या विद्यापीठाचे गुण सांगत होता तेव्हा एका दांडग्या पोराच्या आईनं त्याला विचारलं म्हणे, रविवारी मेस बंद असते तेव्हा माझा मुलगा काय खाईल? बोर्डावर एक कागद आहे, एवढंच त्यानं सांगितलं. त्या वर्षी सह्यांच्या दिवशी दोन जणांनी शब्द पाळला. ते जेवणामुळे, असं मी म्हणणार नाही. कोच मात्र म्हणायचा.

हे सगळं नंतरचं. त्याआधी सप्टेंबरमध्ये तो पहिला सामना आला. मुलगा ऑगस्टमध्ये परतला होता, वजन काट्यावर भरलं होतं, आणि कोचनं त्याला फळीच्या डाव्या टोकाला उभं केलं होतं. आता टिकायचं तेवढं राहिलं होतं. त्याची आई सुट्टी काढून बसनं आली. एकटी बाई अनोळखी गर्दीत कशी बसेल, एवढ्या एका कारणासाठी मावशी स्टेडियममध्ये यायला तयार झाली. तिनं थर्मासमध्ये चहा घेतला, डब्यात चिवडा घेतला आणि साडीवर काकांचा जाड कोट चढवला. मुलाची आई बुटकी, गोल, लाल हातांची होती. दोघींना एकमेकींचं निम्मं बोलणं कळत नव्हतं, पण चिवडा दोघींच्या मध्ये होता.

सामना सुरू झाला. स्टेडियममधल्या झाडून सगळ्या माना चेंडूबरोबर इकडून तिकडे फिरत होत्या. चेंडू उडाला की माना वर, पडला की खाली. या दोघींच्या माना हलत नव्हत्या. चेंडू कुठे आहे याच्याशी त्यांना कर्तव्यच नव्हतं. दोघी डाव्या टोकाच्या त्या एका हेल्मेटकडे बघत होत्या. समोरून एक आडदांड पोरगा दर वेळी त्याच्यावर चाल करून यायचा, दोघांची टक्कर व्हायची आणि मावशी माझा हात इतका जोरात दाबायची की बांगडी रुतायची. एकदा मोठा ढीग पडला. चेंडू घेऊन आमचा कुणीतरी पुढे पळाला होता, लोक उभे राहून ओरडत होते. त्या सगळ्या आरडाओरड्यात या दोघी त्या ढिगाकडे बघत बसल्या होत्या. एकेक जण उठला. तो सगळ्यात खाली होता. तो गुडघ्यावर आला, मग उभा राहिला.

"ही इज अप," त्याची आई म्हणाली.

"उठला," मावशी म्हणाली.

आम्ही तो सामना हरलो. पण त्याच्या बाजूनं कुणी आत शिरलं नाही, हे मलासुद्धा दिसलं. सगळं संपल्यावर कोच कठड्यापाशी आला. हरलेल्या माणसाच्या मानानं त्याचा चेहरा फारच खुललेला होता. मुलाच्या आईला तो म्हणाला, "चालू टर्मपासून याची फी आम्ही भरणार. पोरगा इथेच राहतोय."

ती बाई सिमेंटच्या पायरीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली. मावशीला कोचचं बोलणं कळलं नव्हतं. ती घाबरून म्हणाली, "काय झालं गं? लागलं का त्याला?" मी सांगितलं.

तेवढ्यात तोच आला. हेल्मेट काखेत, हनुवटीवर माती, केस घामानं चिकटलेले. आईच्या गळ्यात पडून झाल्यावर तो मावशीसमोर उभा राहिला. तिचा हात काही त्याच्या तोंडापर्यंत पोचेना, तेव्हा तिनं त्याला खुणेनं वाकायला लावलं. मग त्या हजारो लोकांत तिनं दोन्ही हात त्याच्या मळक्या गालांवरून उतरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर टेकवून कडाकडा बोटं मोडली.

त्याच्या आईनं डोळे पुसत मला विचारलं, हे काय? मी म्हटलं, याला कुणाची दृष्ट लागू नये म्हणून करतात. आमच्याकडे आया करतात.

तिनं मान हलवली. पायरीवरून उठून तिनं मुलाला पुन्हा वाकवलं, त्याच्या गालांवरून आपले ते लाल, खरखरीत हात फिरवले आणि मावशीकडे बघत बघत कानशिलांवर बोटं दाबली. एकही बोट वाजलं नाही. तिनं पुन्हा दाबली.

"असू दे," मावशी मराठीतच तिला म्हणाली. "होईल सवयीनं." आणि तिचे हात हातात घेऊन, कशी धरायची ती दाखवायला लागली.